मुलांनी दिलेला प्रोजेक्टर खोक्यातच आहे

मुलुंड पूर्वेच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ६२, बँकेतून निवृत्त. घरात त्या आणि त्यांचे यजमान. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला. लग्नाच्या वाढदिवसाला दोघा मुलांनी मिळून डिजिटल प्रोजेक्टर पाठवला, ‘आईला नाटकं मोठ्या पडद्यावर बघू देत’ म्हणून. त्यांनी एका दुपारी चारच्या सुमाराला सोफ्यामागच्या शोकेसवर तो ठेवला, समोरची भिंत भरेल एवढं चित्र केलं आणि यूट्यूबवर एक जुनं नाटक लावलं. चित्र फिकट, कडा तिरक्या, चेहरे धूसर, आवाज डोक्यामागून. यजमान म्हणाले, ‘यापेक्षा आपला टीव्ही काय वाईट आहे?’ प्रोजेक्टर पुन्हा खोक्यात गेला. मुलांचा फोन आला तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘लावलाय, मस्त दिसतं.’ पुढच्या प्रत्येक फोनला तेच सांगावं लागलं. आता पुढच्या महिन्यात मुलगा नातीला घेऊन येतोय. परत करायची मुदत केव्हाच संपली. त्या विचारतात: ‘विकून टाकू का? मुलांना खरं सांगू, की तो यायच्या आत कुणाला तरी पैसे देऊन बसवून घेऊ? आमच्या वयाला हे झेपत नाही हे मान्य करावं का?’ हॉल दहा बाय चौदाचा आहे, आणि खोक्यावर ‘९००० लुमेन’ आणि ‘४के सपोर्ट’ असं लिहिलंय, हेही त्यांनी कळवलंय.

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या ओझ्याखाली दबलेत. वयामुळे हे झेपलं नाही असं तुम्ही धरून चाललाय. पण तुमच्याच पत्रात काय लिहिलंय बघा. तुम्ही खोकं उघडलंत, वायफायचा पासवर्ड रिमोटवरून एकेक अक्षर शोधत टाकलात, यूट्यूबवर नाटक शोधलंत आणि लावलंत. यंत्र सुरू करण्याचं जे काम असतं ते एवढंच, आणि ते तुम्ही कुणालाही न विचारता केलंत. पुढे जे बिनसलं त्याला चार कारणं होती: वेळ, चित्राचा आकार, पहिल्या दिवसासाठी निवडलेलं नाटक आणि यंत्राची जागा. ही कारणं खोक्यातल्या छोट्याशा पुस्तिकेत सहसा नीट लिहिलेली नसतात. दुपारी चार वाजता त्याच हॉलमध्ये तुमच्या मुलाने प्रोजेक्टर लावला असता तरी त्याला हेच चित्र दिसलं असतं.

आधी वेळेचं सांगते, कारण फिकटपणाचं मूळ तिथे आहे. टीव्हीचा पडदा मुळातच काळा असतो; बंद टीव्हीकडे नजर टाका. म्हणून दिवसाउजेडीही त्यावर काळं काळंच दिसतं. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. चित्रात जिथे काळं हवं तिथे तो फक्त उजेड टाकायचा थांबतो, आणि मग तिथे तुमची भिंत जशी असेल तशी दिसते. चार वाजता ती पांढरीच दिसणार. नायिकेचे केस, काळोखातला प्रवेश, नटाच्या कोटाच्या घड्या, सगळं भिंतीच्या रंगाचं होतं. रिमोटवर ब्राइटनेस वाढवून हे सुधारत नाही, उलट उरलेसुरले काळे भाग आणखी राखाडी होतात.

तेव्हा पहिली खटपट यंत्राची नको, खोलीची करा. मुंबईत दिवेलागणीनंतरही पुरता अंधार होत नाही. समोरच्या जिन्यातला दिवा, रस्त्यावरचा एलईडी, रिडेव्हलपमेंटच्या साइटवरचा फ्लडलाइट, सगळं साध्या पडद्यातून आत येतं. पडद्यांच्या दुकानात ‘ब्लॅकआउट’ म्हणून कापड मिळतं, ते आहे त्या पडद्यांना मागून अस्तरासारखं शिवून घेता येतं. घर कोंदट होईल ही धास्ती असेल तर एवढंच बघा, की कोणत्या खिडकीचा उजेड चित्राच्या भिंतीवर थेट पडतो. तेवढी झाका. स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली तरी चालतं. रात्री आठला, हॉलची ट्यूब बंद करून, तेच यंत्र त्याच भिंतीवर लावून बघा. दुसरं काहीही न बदलता निम्मी तक्रार मिटेल.

दुसरं, आकार. प्रोजेक्टर म्हटला की भिंत भरलीच पाहिजे, असं आपल्याला वाटतं. जाहिरातींतही तसंच दाखवतात. पण यंत्रातून निघणारा उजेड ठरलेला असतो. चित्र मोठं केलं की तोच उजेड जास्त जागेवर पसरतो. चित्राचे इंच टीव्हीसारखेच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात; ८० इंची चित्राच्या तुलनेत १२० इंची चित्राचं क्षेत्रफळ सव्वादोनपट असतं, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक भागाला मिळणारा उजेड निम्म्याहूनही कमी. तुम्ही दहा फुटी भिंत भरलीत, म्हणजे चित्र १२० इंचांच्याही पुढे गेलं असणार.

लुमेन म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या उजेडाचं माप, पण खोक्यावरच्या ९००० या आकड्यावर विसंबू नका. ज्या आकड्यापुढे ‘अ‍ॅन्सी’ किंवा ‘आयएसओ’ या मानकं ठरवणाऱ्या संस्थांचं नाव लिहिलेलं असतं तोच कामाचा. त्यात चित्राचे नऊ भाग करून प्रत्येक भागाच्या मध्यावर उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. घरगुती लहान एलईडी प्रोजेक्टरांचा असा मोजलेला आकडा बहुतेक वेळा काही शे असतो. हे वाचून मुलांची फसवणूक झाली असं वाटून घेऊ नका. थिएटरात पडद्यावर जेवढा उजेड प्रमाण धरतात, त्या हिशोबाने पूर्ण अंधारात साध्या पांढऱ्या पृष्ठभागावर ८० इंची चित्राला साधारण पावणेतीनशे खरे लुमेन पुरतात. १०० इंचांना चारशेच्या थोडं वर लागतात, १२० इंचांना सहाशे. म्हणजे तुमचं यंत्र बेताचं असलं तरी अंधार आणि बेताचा आकार मिळाला की ते चांगलं दिसायला लागेल. ८० इंची चित्र म्हणजे जवळजवळ पाच फूट दहा इंच रुंद आणि सव्वातीन फूट उंच. तुमच्या हॉलमध्ये सोफ्यावरून ते काही लहान वाटणार नाही.

आता नाटकाकडे येते, कारण चेहरे धूसर दिसले याचं तुम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटलंय. यूट्यूबवरची पुष्कळ जुनी नाटकं दूरदर्शनच्या किंवा व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात चित्रित झालेली आहेत. त्या पद्धतीत अख्खं चित्र ५७६ आडव्या ओळींत मावायचं, आणि कॅसेटवरून उतरवताना त्यातलंही बरंच गळलेलं असतं. २१ इंची टीव्हीवर ते छान दिसायचं. तेच दहा फुटांवर ताणलं की नटाच्या डोळ्यांच्या जागी डाग दिसतात. यात दोष ना यंत्राचा, ना तुमचा. शिवाय ती चित्रं चौकोनी, ४:३ मापाची असतात. कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. पट्ट्या घालवायला चित्र ताणलं की माणसं बुटकी आणि जाडी होतात. तुमच्या चित्रात तसं दिसत असेल तर मेनूत ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ शोधून तो ‘ऑटो’वर ठेवा.

‘४के सपोर्ट’चा अर्थही याच ओघात सांगते. त्याचा अर्थ इतकाच, की ४के फाइल दिली तर यंत्र ती स्वीकारेल. प्रत्यक्ष भिंतीवर किती ठिपके पडतील ते ‘नेटिव्ह रिझोल्युशन’ या ओळीत लिहिलेलं असतं. तिथे १९२० बाय १०८० असेल तर उत्तम, १२८० बाय ७२० असेल तरी ८० इंचांना चालून जातं, ८०० बाय ४८० असेल तर चित्र आणखी लहान ठेवा. पहिल्या रात्री परीक्षा घ्यायची ती अलीकडे चित्रित झालेल्या, १०८० दर्जाच्या एखाद्या कार्यक्रमावर घ्या. एखादी संगीत मैफल घ्या, किंवा जंगलातल्या प्राण्यांवरचा माहितीपट. जुनी नाटकं त्यानंतर लावा, आणि ती लावताना चित्र साठ-सत्तर इंचांवर आणा. तेवढ्यात ती सुखाने बघता येतात.

आता प्रत्यक्ष मांडणी. शोकेसवरून तो उतरवा. उंचावरून खाली झुकवून चित्र टाकलं की त्याची खालची कड रुंद आणि वरची अरुंद होते. बाजूला ठेवला तर डावी-उजवी कड लहान-मोठी होते. हे सरळ करायला मेनूत ‘कीस्टोन’ असतं आणि सगळे आधी तिकडेच धावतात. पण कीस्टोन यंत्राच्या आत चित्र कापूनकोरून, आवळून सरळ करतं. तेवढे ठिपके वाया जातात आणि अक्षरं पुसट होतात. तेव्हा आधी ऑटो कीस्टोन बंद करा, आकडे शून्यावर आणा, आणि यंत्रच हाताने सरळ करा.

सोफ्यापुढचा टीपॉय घ्या आणि तो भिंतीपासून आठ फुटांवर, चित्राच्या बरोबर मध्यरेषेत आणा. शिवणाच्या टेपने दोन मापं घ्या: लेन्सपासून भिंतीपर्यंतचं अंतर, आणि चित्राची रुंदी. पहिल्याला दुसऱ्याने भागा. समजा अंतर आठ फूट आणि रुंदी सहा फूट दोन इंच आली, तर उत्तर १.३ येतं. हा तुमच्या यंत्राचा कायमचा आकडा, याला ‘थ्रो रेशो’ म्हणतात. (झूम असलेल्या यंत्रात तो थोडा मागेपुढे होतो.) आता रुंदी किती हवी ते ठरवा, १.३ ने गुणा, की टीपॉय कुठे ठेवायचा ते मिळालं. ८० इंची चित्राला या हिशोबाने साधारण साडेसात फूट. तिथे फरशीच्या सांध्यावर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे रोज नव्याने जुळवाजुळव नको.

बहुतेक प्रोजेक्टरांचं चित्र लेन्सच्या पातळीपासून वर चढत जातं, म्हणून टीपॉय त्यांना मानवतो. चित्र फार खाली पडत असेल तर यंत्राखालचा पुढचा पाय थोडा फिरवा. दोन-तीन अंशांचा तिरकेपणा कीस्टोनने सुधारला तर डोळ्यांना जाणवत नाही. त्याच कारणाने, उंचावर बसवायचा झाला तर यंत्र उलटं टांगतात आणि मेनूत ‘सीलिंग’ निवडतात. त्याच मेनूत ‘रिअर’ असतं. चुकून ते दाबलं गेलं तर अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी होतात आणि माणूस घाबरतो. गिरगाव-परळच्या वाड्यांत गणपतीत कापडी पडदा बांधून सिनेमे दाखवायचे, तेव्हा पुढे जागा न मिळालेले लोक पडद्याच्या मागे बसून बघायचे, आणि त्यांना सगळे नट डावखुरे दिसायचे. ‘रिअर’ची सोय अशा मागून बघणाऱ्यांसाठी किंवा मागून चित्र टाकणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला ‘फ्रंट’ हवं.

शेवटी फोकस. लेन्सवरची पारदर्शक फिल्म काढली आहे ना, ते आधी बघा. ती तशीच राहून गेल्यामुळे धूसर दिसणारे प्रोजेक्टर कमी नाहीत. यंत्र सुरू करून पंधराएक मिनिटं जाऊ द्या, कारण लेन्स तापल्यावर फोकस थोडा सरकतो. मग हलतं चित्र न घेता मेनूची पाटी भिंतीवर आणा आणि मधल्या अक्षरांवर नजर ठेवून लेन्सचं फोकसचं कडं फिरवा. अक्षरं जाड होत होत एकदम रेखीव होतात आणि पुन्हा पसरायला लागतात. तो रेखीव क्षण पुढेमागे करून पक्का करा. या दर्जाच्या लेन्समध्ये मधला भाग नीट झाला की कोपरे किंचित मऊ राहतात. तेवढं सोडून द्या, नाटक कुणी कोपऱ्यात बघत नाही.

भिंतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. क्रीम रंगाची भिंत असेल तर चेहरे पिवळट दिसतात. चकचकीत रंगावर मधोमध उजेडाचा डाग पडतो. पडदा घ्यायची घाई नको. महिनाभर भिंतीवर बघा आणि आवड टिकली तरच ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन, किंवा घरबसल्या, गुंडाळता येणारा साधा मॅट पांढरा पडदा घ्या. ज्यांच्याकडे रंगकाम निघणारच आहे त्यांनी तेवढा चौकोन पांढऱ्या मॅट रंगाने करून घेतला तरी काम भागतं.

आवाज डोक्यामागून येत होता, कारण यंत्र मागे होतं आणि स्पीकर त्याच्या पोटात. यंत्र पुढे आणलं की निम्मा फरक पडेल. घरात एखादा स्पीकर असेल तर तो चित्राच्या खाली ठेवा. ब्लूटूथने जोडल्यावर ओठ आधी आणि शब्द मागून असं होत असेल, तर साधी ऑडिओची वायर घाला. नाटकाला हा फरक फार जाणवतो, कारण तिथे सगळं शब्दांवर चालतं.

तुम्ही लिहिलंय की फोनवरून एका ओटीटी अ‍ॅपमधला सिनेमा प्रोजेक्टरवर टाकला तर आवाज आला पण चित्र काळं. तीही तुमची चूक नाही. पैसे भरून बघायचे कार्यक्रम नकलेपासून सुरक्षित ठेवलेले असतात, आणि फोनचा पडदा नुसता भिंतीवर दाखवला की अ‍ॅप मुद्दाम चित्र देत नाही. यावर सरळ उपाय म्हणजे एचडीएमआयच्या खाचेत बसणारी फायर टीव्ही स्टिक किंवा तसलं उपकरण. ती स्टिक प्रोजेक्टरच्या यूएसबीवर चालवू नका, तिथून वीज कमी पडते आणि ती मधेच बंद-चालू होत राहते. तिचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा. पेन ड्राइव्हवरून बघायचं असेल आणि मोठी फाइल त्यावर जातच नसेल, तर पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा असतो. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही.

जपणुकीचं थोडक्यात. यंत्राच्या चारही बाजूंना वीतभर तरी मोकळी जागा ठेवा, टीपॉयवरचा क्रोशाचा रुमाल काढा. तो खालची जाळी झाकतो आणि यंत्र तापून बंद पडतं. बंद करताना रिमोटने करा, पंखा थांबला की मगच भिंतीवरचं बटण. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते, म्हणून कपाटात ठेवताना सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण यंत्र गार झाल्याशिवाय पिशवीत घालू नका. आणि नात येणार आहे म्हणून आवर्जून सांगते: यंत्र चालू असताना लेन्समध्ये डोळे घालून बघायचं नाही, हे तिला पहिल्याच मिनिटाला सांगा. मुलं भिंतीवर सावलीचे प्राणी करायला पुढे येतात आणि मग मागे वळून थेट त्या उजेडात बघतात.

यजमानांचं म्हणणं तुम्हाला लागलंय, पण त्यांचं वाक्य पुन्हा वाचून बघा. टीव्ही काय वाईट आहे? काहीच वाईट नाही. सात वाजताच्या बातम्या, क्रिकेट, भाजी निवडता निवडता बघायची मालिका, हे सगळं टीव्हीवरच बरं. ते दिवे लावून, उठत-बसत बघायचं असतं. प्रोजेक्टर त्याची जागा घेणार असं तुमच्या घरात कुणीतरी न बोलता ठरवून टाकलं आणि तिथूनच त्यांची नाराजी सुरू झाली, असं मला पत्र वाचताना वाटलं. प्रोजेक्टरला एक ठरवून काढलेली संध्याकाळ लागते: जेवणं आटोपलेली, फोन बाजूला, दिवे बंद. मुंबईत सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ ला, काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात, आणि लोक एक रुपयाचं तिकीट काढून मुद्दाम तिथे गेले होते. मुद्दाम जाऊन बसण्यात जी मजा आहे ती प्रोजेक्टर घरात देऊ शकतो, आणि ती आठवड्यातून एखाद्या दिवसाचीच बरी. शनिवारची रात्र ठरवा. यजमानांना पहिल्या शनिवारी त्यांच्या आवडीचं निवडू द्या, तुमचं नाटक दुसऱ्या शनिवारी. टीव्ही जिथे आहे तिथेच राहू द्या आणि तसं त्यांना सांगूनही टाका.

आता मुलांचं. ‘मस्त दिसतं’ हे तुम्ही त्यांचं मन राखायला म्हणालात. पण त्यात एक गृहीत आहे, की यंत्र नीट चाललं नाही असं सांगणं म्हणजे भेट आवडली नाही असं सांगणं. मुलांना तसं वाटेल असं मला वाटत नाही. त्यांनी तुमची नाटकाची हौस लक्षात ठेवून ही वस्तू निवडली, ती चालावी यासाठी ते नक्की खटपट करतील. उलट मुलगा घरी येऊन खोकं जसंच्या तसं बघेल तेव्हा त्याला जास्त टोचेल, प्रोजेक्टरपेक्षा याचं, की आई इतके दिवस आपल्याशी जपून बोलत होती. म्हणून तो यायच्या आधीच सांगा, आणि मोठा कबुलीजबाब न देता कामाचं बोलत सांगा. असं काहीसं: ‘अरे, तुम्ही दिलेला प्रोजेक्टर मी दुपारी लावला होता, तेव्हा फार फिकट दिसला म्हणून ठेवून दिला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मस्त आहे म्हणत राहिले. आता रात्री टीपॉयवर ठेवून बघतेय. फोटो पाठवते, बघ बरं काय सुधारता येईल.’ यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. मुलांना अपराधी वाटण्यापेक्षा करायला काहीतरी मिळालेलं आवडतं.

कुणाला पैसे देऊन बसवून घ्यायचं का? आत्ता नको. बसवणारा येतो, छताला चार भोकं पाडतो आणि तासाभरात जातो. कुठल्या उंचीवर, कोणत्या आकाराचं चित्र तुम्हाला सुखाचं वाटतं हे तुम्हालाच अजून कळलेलं नसताना ती जागा कायमची ठरून जाते. स्लॅबमध्ये भोक पाडून मग जागा चुकली असं लक्षात आलेली घरं मी बघितली आहेत. महिना-दोन महिने टीपॉयवर वापरा. विकण्याचा विचारही तोवर थांबवा. नीट अंधार करून, बेताच्या आकारात चार-पाच संध्याकाळी बघूनही मन रमलं नाही, तर मुलांना सांगून खुशाल द्या कुणाला तरी. तेव्हा ते न जमल्यामुळे टाकून दिलेलं नसेल, न आवडल्यामुळे दिलेलं असेल, आणि तसं सांगायला जड जात नाही.

याच मार्गावर असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी थोडंसं. अजून खरेदी केली नसेल तर आधी खोलीची लांबी मोजा आणि थ्रो रेशोशी ताडून बघा. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत १.३ वालं यंत्र ८० इंचांपर्यंत आरामात जातं, पण पलंग आणि कपाट मधे येतं, तिथे ०.५ च्या आसपासचं शॉर्ट थ्रो यंत्र सोयीचं, ते साडेतीन फुटांवरून १०० इंची चित्र देतं, मात्र महाग असतं. दिवे लावूनच बघायचं असेल तर तेवढ्या पैशात मोठा टीव्ही घ्या, मी बिनदिक्कत सांगेन. दिवा असलेले जुन्या पद्धतीचे प्रोजेक्टर स्वस्तात मिळतात, पण त्यांचा दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. एलईडीचा उजेड वीस-तीस हजार तासांचा सांगतात. सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम करणाऱ्यांनी रात्री १० नंतर बाहेर लाउडस्पीकर लावता येत नाही हे धरूनच वेळ ठरवावी, आणि घरचं ओटीटी खातं घरापुरतंच असतं हेही लक्षात ठेवावं.

तुमच्याकडे परत येते. मुलगा येईल तेव्हा त्याच्यासाठी दोनच कामं राखून ठेवा, जी तुम्हाला एकटीला अवघड आहेत. ब्लॅकआउटच्या पडद्याचा रॉड वर चढून बसवणं, आणि सेट-टॉप बॉक्सपासून टीपॉयपर्यंत एचडीएमआय केबल भिंतीच्या कडेने पट्टीत घालून नेणं, म्हणजे अंधारात कुणाचा पाय अडकणार नाही. अंतर आधीच टेपने मोजून त्याला कळवा. वळणं धरून पाच मीटरच्या आत बसत असेल तर साधी केबल पुरते. दहा मीटरच्या पुढे जात असेल तर साधी केबल मधेच चित्र घालवते, तेव्हा बॉक्सची जागाच बदललेली बरी.